सैल करायला परत या

खिळेमावशीच्या तोंडात खिळे असले की गल्ली निर्धास्त असायची. ओठांच्या फटीत मूठभर बारीक खिळे धरून ती चपलेची टाच ठोकत बसली, की बोलणार कशी? जे काही म्हणायचं ते भुवयांनी म्हणायची. पण एकदा का तिनं ते खिळे तळहातावर काढून ठेवले, की समोरच्यानं ओळखावं, आता आपली धडगत नाही. मग तो गिऱ्हाईक असो, कातडं आणून देणारा असो, नाहीतर नगरपालिकेचा साहेब असो. तिचं खरं नाव फक्त मतदारयादीला ठाऊक होतं.

दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, सायकलवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध. दुकान तिच्या बापाचं. दोन खिडक्या, एक ट्यूबलाइट, आणि भिंतभर टांगलेले लाकडी फर्मे. ज्या लाकडी पावलावर चप्पल चढवून बेतायची, त्याला फर्मा म्हणतात. गावातल्या कित्येक पायांचे फर्मे त्या भिंतीवर होते, माणसं गेली तरी पाय तिथंच. मावशीनं नवरा केला तोही कातडं कापणारा बघून. घरजावई म्हणून आला, आणि येताना बहिणीलाही घेऊन आला. नवरा कातडं कापायचा, नणंद पट्टे शिवायची आणि मावशी जोडणी, ठोकणी आणि भांडणं एवढी तीन खाती सांभाळायची. नवरा गरीब स्वभावाचा होता. 'हो ला हो' करण्यात त्याची उभी हयात गेली, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

प्रत्येक चपलेच्या तळावर एक छाप असायची, वाकडा खिळा. बाप शिकाऊ असताना त्यानं ठोकलेला पहिलाच खिळा वाकडा गेला होता. उस्ताद पोट धरून हसला. बाप म्हणाला, हसा, हाच माझा शिक्का. आणि खरंच लोहाराकडून तसा शिक्का करून आणला. हा हट्टीपणा मावशीकडे दुकानासकट आला.

आता त्या दुकानाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. मावशी चप्पल मुद्दाम घट्ट करायची. पट्टा अर्धं बोट आखूड. नवी चप्पल पायात घातली की ती चावणार, म्हणजे चावणारच. माणूस थोडे दिवस लंगडायचा, शिव्या घालायचा आणि चप्पल घेऊन दुकानात परत यायचा. मग मावशी त्याला बाकावर बसवून, कुठे चावते ते बोटानं दाबून बघायची, चप्पल ओली करून फर्म्यावर चढवायची, ठोकायची, तेल लावायची. तोवर नणंद चहा द्यायची. त्यानंतर ती चप्पल त्या पायाची व्हायची, ती अशी की दुसऱ्या कुणी घातली तर ओळखू यावं. पहिल्याच दिवशी सैल दिलेली चप्पल पावसाळ्यापर्यंत फटक फटक वाजायला लागते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यामुळे 'परत या' असं मावशीनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. सूर्य उगवला की उजाडतं, हे कुणी कुणाला सांगतं का?

आणि मग फोन आले. म्हणजे फोन आधीही होते, पण आता त्यात दुकानं आली. गावातला जो तो बोटानं चप्पल मागवायला लागला. रबरी, रंगीत, हलकी. रोज दुपारी टपालाची गाडी यायची आणि पोस्टाच्या व्हरांड्यात खोक्यांचा ढीग लागायचा. कुठल्या कुठल्या मोठ्या देशांतून आलेली खोकी! गावात यायची, पण गावातून बाहेर एकही जायचं नाही. चपलेच्या गल्लीतली दुकानं एकेक करून मिटली. एकानं तिथं फोनची कव्हरं विकायला ठेवली, दुसऱ्यानं शटर ओढून भावाकडे शेती धरली. मावशीचं दुकान तेवढं उरलं, आणि तिथंही लोक येत ते रबरी चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घ्यायला.

"अगं, निदान येतात तरी," नवरा म्हणाला.

मावशीनं खिळे काढले. "उद्या प्लास्टिकच्या बादल्यांना ठिगळं लावायला आणतील. तेही लावू?"

नवरा कातडं कापायला लागला.

अशातच सरकारी प्रशिक्षण आलं. ज्या देशांत फारसं काही नाही, अशा देशांतल्या कारागिरांना फोनवरून जगाला माल विकायला शिकवायचा मोठा प्रकल्प होता. नणंदेनंच नाव नोंदवलं, कारण घरात फोन वापरता येत असे तो तिला. सभागृहात पंखे होते, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि व्यासपीठामागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापडी फलक होता. नणंदेनं तो वाचून दाखवला: 'सर्वांत कमी विकसित देशांसाठी.'

"कोण सर्वांत कमी?" मावशीनं विचारलं.

"आपण, वहिनी."

"हे कुणी ठरवलं?"

"यादी असते म्हणे."

मावशी भर सभेत उभी राहिली. "यादी करणाऱ्याच्या पायात कुठली चप्पल होती?" असं तिनं मोठ्यानं विचारलं. सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावरच्या साहेबांना हसावं की रागवावं कळेना, म्हणून ते पाणी प्यायले. पण त्यांच्या बाजूला बसलेली प्रशिक्षणवाली मॅडम मनापासून हसली. तिशीची, बारीक अंगाची, राजधानीतून आलेली पोरगी होती. जेवणाच्या सुट्टीत ती हात धुऊन मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, यादीचं मला बदलता येणार नाही. पण दुकान काढून देते. चालेल?"

आणि तिनं दिलंही काढून. पोरीनं कष्ट घेतले, हे कबूल केलं पाहिजे. चपलांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढले, नणंदेला एकेक गोष्ट दहादा शिकवली, कागदावर पाऊल आखून त्याचा फोटो कसा पाठवायचा ते गिऱ्हाइकांसाठी लिहिलं, पैसे कुठल्या खात्यात येणार ते लावून दिलं. दुकानाचं चित्र काय, तर वाकडा खिळा. शिवाय स्वतःसाठी एक जोड घेतला. माल बाहेर पाठवायची सोय तेवढी नव्हती. पोस्टमास्तर आठवड्यातून एकदा मागच्या दारानं, मेहेरबानी केल्यासारखी, खोकी घ्यायचे.

पहिली मागणी आली तेव्हा नणंद किंचाळली. पाऊल बघून मावशीनं फर्मा निवडला. "जरा रुंद आहे बया. खूप चालते वाटतं," असं म्हणाली आणि नेहमीसारखी चप्पल केली. म्हणजे नेहमीसारखीच घट्ट. पट्टा अर्धं बोट आखूड. दुसरी तशीच, तिसरी तशीच. खोकी समुद्रापार गेली. मावशी महिनाभर हवेत होती. सायकलवाल्यालासुद्धा आपण होऊन चहा पाठवला, यावरून काय ते समजा.

मग तारे आले. फोनवरच्या दुकानात माल कसा वाटला ते गिऱ्हाईक ताऱ्यांनी सांगतं. पाच तारे म्हणजे उत्तम, एक तारा म्हणजे नाक मुरडलं. मावशीला एक मिळाला. मग पुन्हा एक. मग दोन, पण तेही दयेनं दिल्यासारखे.

"काय लिहिलंय?" मावशीनं विचारलं.

नणंद चाचरली. "लिहिलंय, दिसायला सुंदर आहे. पण... चावते."

"मग? चावणारच!"

"माप चुकलं म्हणतायत, वहिनी. फसवलं म्हणतायत."

फसवलं! मावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बापाच्या वेळेपासून या दुकानावर कुणी हा शब्द उच्चारला नव्हता. ती परदेशातल्या तमाम पायांना नाजूक, लाडावलेले, गालिच्यावर वाढलेले अशी शेलकी विशेषणं लावत बसली. नवरा हळूच म्हणाला, "पुढची जरा सैल पाठवू या का?" आणि मग संध्याकाळपर्यंत त्याच्याशी कुणी बोललं नाही.

फोनवरच्या बाजाराचा नियम असा, की इतके कमी तारे असले तर दुकानानं आवडला नाही तो माल परत घेण्याची हमी द्यावी, नाहीतर महिनाअखेर दुकान बंद. आणि आपल्या देशात परतीचं पार्सल येण्याची सोयच नाही, हे बाजाराला आधीच ठाऊक होतं. म्हणजे बंदच. हे सांगायला मॅडम स्वतः राजधानीहून आली. बाकावर बसली, चहा घेतला, आणि जरा अडखळत म्हणाली, "मावशी, एक वाट आहे."

बाजाराचा एक खास कोपरा होता. यादीतल्या देशांतल्या कारागिरांसाठी. तिथं तारे नसत. कुणी तक्रार करत नसे. लोक तिथं मदत म्हणून घेत. फक्त दोन अटी होत्या. तळावर कोपऱ्याचा शिक्का मारायचा, आणि तिथं एकच शिक्का बसतो. दुसरं म्हणजे सोबत कारागिराची कहाणी द्यायची. साहेबांनी ती लिहूनही पाठवली होती.

वाच, अशी मावशीनं भुवयांनी खूण केली. खिळे तोंडातच होते.

मॅडमनं फोन नणंदेच्या हातात दिला. स्वतः वाचावीशी तिला वाटली नसावी. नणंद वाचायला लागली. "जगाच्या एका विसरलेल्या कोपऱ्यात, अंधाऱ्या खोपट्यात, थरथरत्या हातांनी एक अबला..."

मावशीनं खिळे काढले.

नवऱ्यानं कातडं कापायची रापी खाली ठेवली. झेरॉक्सवाल्यानं उगाच मशीन बंद केलं.

"खोपटं?" मावशी म्हणाली. "ह्या दोन खिडक्या काय भिंतीवर रंगवल्यात? ही ट्यूब लावली तेव्हा गल्लीत कुणाकडे ट्यूब नव्हती! थरथरते हात? आणा इकडे त्या साहेबाचा अंगठा, आरीनं भोक न पाडता त्याच्या नखाभोवती शिवून दाखवते! आणि अबला कोण? अहो, तुम्ही सांगा, मी अबला आहे?"

"नाही," नवरा घाईनं म्हणाला. आयुष्यात इतकं मनापासून त्यानं काही सांगितलं नसेल.

"मावशी, मला कळतंय," मॅडम म्हणाली. "पण दुकान राहील. मागण्या येतील. बऱ्याच ठिकाणी असं..."

"मागण्या येतील, मग चप्पल कोण घालील? दया आली म्हणून घेतलेली चप्पल माणूस कपाटात ठेवतो, पोरी. मला पायात पाहिजे. तारे नाहीत म्हणे! का नाहीत? मी काय बालवाडीत आहे, म्हणून माझ्या पाटीवर चूक लिहायची नाही? वाईट तर वाईट, पण माझे तारे मला पाहिजेत. बापाचा शिक्का पुसून त्या जागी 'हिला भीक घाला' असं ठोकायचं असेल, तर हे दुकान मी आजच बंद करते आणि किल्ली गटारात टाकते."

नणंद रडकुंडीला आली. "वहिनी, अहो महिनाअखेर बंदच होणार आहे. मग आपण करायचं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं खिळे हातात घेतले होते आणि पुढे बोलायला काही नव्हतं. तिला भीती वाटली. भिंतीवरचे सगळे फर्मे आपल्याकडे तळवे करून बघतायत, असं तिला वाटून गेलं.

मॅडम उठली. "निघते," म्हणाली आणि पायरी उतरायला लागली. उतरताना तिनं उजवा पाय जपून टाकला. मग डावाही जपून टाकला. मावशीची नजर पायावरून कधी हटत नसे, समोर राजा असो की रडणारी पोरगी.

"थांब. लंगडतेस का?"

"काही नाही, मावशी."

"चप्पल काढ."

चप्पल मावशीचीच होती. पट्ट्याखाली कापसाचा बोळा दाबलेला, आणि पायाच्या वरच्या बाजूला कातडी सोललेली.

"एवढे दिवस अशीच घालत्येस? मग परत का आणली नाहीस?"

मॅडम गोंधळली. "परत? कशाला? मला वाटलं, अशीच असते. तुमचं मन दुखवायला नको, म्हणून बोलले नाही."

"अगं, सैल करायला! परत यायचं असतं सैल करायला!"

"मला काय माहीत, परत यायचं असतं?" मॅडमचा आवाज चढला. बिचारी इतके दिवस सोसत होती, शेवटी तीही चिडली. "तुम्ही सांगितलंत का कधी?"

मावशीनं नणंदेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. नवरा डोकं खाजवत होता. सांगितलं नव्हतं. कुणीच कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आणि ती समुद्रापलीकडची रुंद पायाची बाई, आणि बाकीच्या सगळ्या, अर्धवट केलेली चप्पल पायात घालून चालत होत्या. चप्पल तर अर्धीच पाठवली होती. उरलेली अर्धी इथं बाकावर, चहाबरोबर व्हायची होती.

"फसवलं," मावशी स्वतःशीच म्हणाली. "खरंच की गं. फसवलंच."

मग तिनं मॅडमची चप्पल ओली करून फर्म्यावर चढवली, ठोकता ठोकता फिरलेलं डोकंही जागेवर आलं, आणि ठोकणं संपेस्तोवर तिचा बेत झाला होता. "वन्सं, फोन घ्या. मी सांगते ते लिहा. एक अक्षर गोड करू नका."

नणंदेनं लिहिलं, ते असं: 'तुम्हाला दिलेली चप्पल चावते, हे खरं आहे. आमच्याकडे चप्पल घट्ट करतात आणि थोडे दिवस घातली की सैल करायला परत आणतात. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे. तुमच्या पायाची किंवा मापाची नाही. चप्पल परत पाठवा. कुठे चावते तिथे खडूनं खूण करा. सैल करून देईन. जायचं यायचं टपाल माझ्याकडे लागलं. यापुढे आधी विचारीन, सैल करून हवी की चावणारी.'

मॅडमनं ते वाचलं. "मावशी, परतीचं पार्सल येणार कसं? पोस्टाची हमी लागेल."

"मग चल पोस्टात."

पोस्टात एक खिडकी होती. 'परदेशी पार्सल, जावक आणि परत' असा झोकदार पितळी फलक. ह्याच प्रकल्पातून झाली होती. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी खिडकी बंद झाली ती झालीच. फितीची दोन टोकं अजून दोन बाजूंना लोंबत होती, आणि आत पोस्टमास्तरांची सायकल उभी होती. उन्हापासून टायर वाचावेत म्हणून.

"मावशी, नियमात बसत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण आदेशाशिवाय शिंकही दिली नसती. "देशाबाहेरून जे खोकं येतं, तो परदेशी माल. त्यावर जकात."

"चप्पल माझी. मी केली. माझ्या बापाचा शिक्का तिच्यावर. ती परदेशी कशी?"

"बाहेरून आली ना?"

"तुमची लेक सासरहून माहेरी आली, तर दारात जकात घेता का हो?"

व्हरांड्यातले लोक हसले. पोस्टमास्तर म्हणाले, वरून आदेश नाही. मॅडम म्हणाली, मी वर बोलते. पोस्टमास्तर म्हणाले, बोला, आम्ही थांबलोय. ही असली वाक्यं ऐकली की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती तडक दुकानात गेली आणि परतली ती ऐरण, हातोडी आणि कातड्याची पिशवी घेऊन. बंद खिडकीखाली, व्हरांड्यात, तिनं बैठक मारली. खिळे तोंडात टाकले आणि ठोकायला सुरुवात केली.

ठक ठक ठक. पोस्टाच्या त्या उंच छताखाली आवाज असा घुमायचा, की आत शिक्के मारणाऱ्या कारकुनाचा ताल चुकायला लागला. कुणी मावशीला काही विचारलं तर ती तोंडातल्या खिळ्यांकडे बोट दाखवायची आणि मग खिडकीवरच्या फलकाकडे. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं दुकानाऐवजी पोस्टातच यायला लागली. बाक नव्हता म्हणून पोस्टाच्या पायऱ्यांवर बसायची. नणंद थर्मास घेऊन यायची. नवरा घरून कापलेले पट्टे आणून द्यायचा आणि जाताना पोस्टमास्तरांना मान लववून नमस्कार करायचा. त्या नमस्कारानं पोस्टमास्तर जास्त हैराण झाले, असं म्हणतात.

शेवटी पोस्टमास्तर बाहेर आले. "मावशी, माझी नोकरी घालवणार का?"

मावशीनं खिळे काढले, पण आवाज चढवला नाही. त्यांच्या पायांकडे बघितलं. "ही चप्पल माझीच ना? कितीदा परत आणलीत?"

दोनदा आणली होती. त्यांच्या करंगळीला कुरूप होतं, ते मावशीइतकं त्यांच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

"तुम्ही चालत येता. कोपऱ्यावरून वळलं की दुकान. त्या बाईनं काय करावं? पोहत यावं? ह्याच व्हरांड्यात जगातली खोकी आमच्या उरावर ओतता, तेव्हा नियम आडवा येत नाही. आमचं एक खोकं, तेही आमचंच, परत यायचं म्हटलं की नियम सायकल घेऊन उभा राहतो."

पोस्टमास्तरांनी त्या दिवशी वर लिहिलं. तिकडे मॅडमनंही वरच्या मजल्यावर जाऊन साहेबांशी भांडण काढलं. साहेबांना कहाणी पाहिजे होती, अहवालात छापायला बरी. मॅडम म्हणाली, 'अहवालात बंद खिडकीचा फोटो छापू का, सायकलीसकट?' मला वाटतं, हे बोलणं ती गल्लीतूनच शिकून गेली होती. काही का असेना, दुरुस्तीला परत येणारा माल आपलाच मानावा, असा आदेश महिनाअखेरच्या आत आला. पोस्टमास्तरांनी स्वतः सायकल बाहेर काढली. फितीची टोकं मावशीनं रापीनं कापून टाकली. कुणी फोटो काढला नाही.

दुकान उरलं. साध्या बाजारात, साध्या ताऱ्यांसकट, वाकड्या खिळ्यासकट. आता सगळ्यांच्या चपला परत येणार, म्हणून मावशीनं फर्मे पुसून ठेवले. बाक झाडला. नणंद रोज खिडकीवर जाऊन यायची आणि रिकाम्या हातांनी परतायची. लोक कशाला एवढी यातायात करतील? चावणारी चप्पल फेकून रबरी घेणं सोपं होतं. गल्ली दबक्या आवाजात बोलायला लागली, की एवढा तमाशा केला तो कशासाठी? मावशीच्या कानावर ते गेलं. तिनं खिळे काढले नाहीत, आणि हे नवऱ्याला मुळीच आवडलं नाही.

मग एक खोकं आलं. एकच.

ती रुंद पायाची बाई. पहिला एक तारा देणारी, 'फसवलं' लिहिणारी तीच. मावशीनं चप्पल उलटी केली. तळ झिजला होता. वाकडा खिळा निम्मा पुसला गेला होता. पट्ट्याच्या आतल्या कडेला वाळलेला तपकिरी डाग होता, आणि त्याच्या बाजूला पांढऱ्या खडूची खूण.

"बया चालत होती गं," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. "चावत होती तरी चालत होती. शिव्या घालत घालत चालली, आपल्यातल्या कुणी चालावं तशी."

तिनं ती चप्पल तीन दिवस फर्म्यावर ठेवली. डाग पुसला. पट्टा सैल केला. नवा शिक्का मारला. कुणालाही हात लावू दिला नाही. खिडकीतून खोकं गेलं, आणि पुढे काहीच झालं नाही. नणंद रोज फोन बघायची. तारा होता तिथंच होता. एकच. बाईनं तो वाढवला नाही.

"कृतघ्न मेली," नणंद म्हणाली.

"राहू दे. चावलीच होती तिला. तिचा तो तारा खरा आहे," मावशी म्हणाली.

इतर मागण्या तुरळक येत होत्या. नणंद प्रत्येकाला विचारायची, सैल की चावणारी? सगळे म्हणायचे, सैल. मावशी सैल करून द्यायची. पोट भरत होतं, पण बाकावर बसायला कुणी नव्हतं, आणि ते तिच्या जिवाला लागायचं.

पाऊस संपत आला तेव्हा पोस्टमास्तर स्वतः खिडकीवरून उठून एक पाकीट घेऊन आले. चालत, कोपऱ्यावरून वळून. आत वर्तमानपत्राचा कागद होता, कुठल्या तरी अनोळखी लिपीतला, आणि त्यावर पेन्सिलनं दोन पावलं आखलेली. म्हाताऱ्या माणसाची. अंगठा बाहेर वळलेला, टाच पसरलेली. खाली त्याच लिपीत दोन ओळी. पाकिटावर पाठवणारीचा पत्ता होता, तो नणंदेनं ओळखला, त्या रुंद पायाच्या बाईचा. तिनं फोन त्या ओळींवर धरला, फोननं त्यांचं आपल्या भाषेत करून दिलं, आणि ती वाचायला लागली.

"'ही माझ्या आईची पावलं.'"

"पुढे?"

नणंदेनं फोन आणखी जवळ धरला. "'हिची घट्टच करा. सैल करायला परत पाठवू.'"

मावशीनं तो कागद फळीवर पसरला, तळहातानं घड्या मोडल्या, भिंतीवरचे फर्मे न्याहाळले आणि त्यातला एक, बापाच्या हातचा, खाली काढला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "पट्टा अर्धं बोट आखूड कापा."

आणि तिनं खिळे तोंडात टाकले.